अल्पशा आजाराने

आबांचा शेवटचा साधा दिवस शालीखाली गेला.

मार्चचं ऊन ओसरीवरच्या पत्र्याला भाजून काढत होतं, भेटायला आलेल्यांच्या शर्टांच्या पाठी भिजल्या होत्या, आणि आबा, म्हणजे मानसिंगराव, कमरेपासून पायाच्या बोटांपर्यंत सत्काराची शाल घेऊन सोफ्यावर बसले होते. घरात सत्काराच्या शाली पोत्याने पडल्या होत्या. त्यांतली सगळ्यात रुंद निवडली होती. शालीखाली, सोफ्याच्या पायाला, लघवीची पिशवी बांधली होती. ती कुणाला दिसली तर निरवांगी गावात काय होईल, याचा राजवर्धनने इतका सखोल अभ्यास केला होता, की तेवढा बारावीला केला असता तर तो आज डॉक्टर असता आणि वडलांचं ऑपरेशन घरीच झालं असतं.

ऑपरेशन पुण्याला झालं होतं. दुर्बिणीचं, तेही रोबोटच्या हातांनी. पोटाला सहा भोकं, त्यावर बोटभर पट्ट्या. प्रोस्टेटचा कॅन्सर, वेळेत सापडलेला. डॉक्टरांनी कागदावर चित्र काढून गाठ कुठे असते ते दाखवलं, तेव्हा आबा खिडकीबाहेर बघत होते, राजवर्धन मोबाइलमध्ये आणि महिपतीकाका, आबांचे धाकटे भाऊ, छताकडे. चित्र एकट्या योगिनीने पाहिलं. ती थोरली मुलगी, बारामतीच्या कॉलेजात इतिहास शिकवणारी. कुणी काही समजावून सांगत असेल तर ऐकून घ्यायची तिला सवय होती.

भोकं लहान म्हणून ऑपरेशन लहान, ऑपरेशन लहान म्हणून आजार लहान, असा हिशेब घराने गाडीतच केला. मग आजाराला नावही बेताचंच हवं. भिगवणच्या फाट्यावर चहा पिताना नाव ठरलं: मुतखडा.

निवड उत्तम होती. मुतखडा हा या भागातला प्रतिष्ठित आजार. बोअरचं पाणी पिणाऱ्या कुठल्याही कर्त्या माणसाला तो होतो. त्याची लाज वाटत नाही. उलट किती एमएमचा, यावर चढाओढ लागते. कॅन्सरचं तसं नाही. आणि तोही तिकडचा. कारखान्याची निवडणूक तोंडावर, आबा पॅनेलचे उमेदवार. पॅनेलमध्ये हृदयाचे चालतात, शुगरचे तर बहुमतात असतात, पण तिकडचा कॅन्सर असलेला संचालक सहकाराच्या इतिहासात अजून व्हायचा होता.

एकच अडचण झाली. लोकांनी विश्वास ठेवला.

विश्वास ठेवून लोक औषधं घेऊन आले. पानफुटीच्या पानांचा ढीग न्हाणीघराच्या कट्ट्यावर साठला. हुलगे तर इतके आले, की कुशाबाईंनी, म्हणजे आईने, ते बैलांना घालायला काढले. आणि दुपारी भिगवणचे नाना आले. माशांचे व्यापारी, आबांचे जुने दोस्त. बसायच्या आधीच म्हणाले, "मानसिंगराव, खडा दाखवा की."

आबांनी राजवर्धनकडे पाहिलं. राजवर्धन तयार होता. आदल्या दिवशीच त्याने ट्रॅक्टरच्या शेडपुढच्या खडीतून एक चांगला टोकदार तुकडा निवडून, धुऊन, औषधाच्या रिकाम्या बाटलीत घातला होता.

"ह्यो?" नानांनी बाटली उजेडात धरली. "आरं तिच्या! ह्यो वागवत हिंडत होता व्हय तुमी?"

"बारा एमएम," राजवर्धन म्हणाला.

"चौदा," काका म्हणाले. "रिपोर्टात चौदा हाय."

"लई कळा आल्या असत्याल."

"विचारू नका," आबा म्हणाले, आणि खरोखर कळ आल्यासारखा चेहरा केला. बाटली हातोहात फिरली. शेजारच्या एकाने स्वतःचा खडा घरी आहे, पण इतका देखणा नाही, असं कबूल केलं.

योगिनी चौकटीला टेकून हे पाहत होती. हसू येत होतं, आणि घड्याळाकडे लक्ष जात होतं. डॉक्टरांनी एक गोष्ट पुन्हापुन्हा सांगितली होती: रक्त पातळ ठेवायची इंजेक्शनं चालू ठेवा, पण नुसत्या इंजेक्शनांवर राहू नका, दर तासाला उठून चाला, बसून राहिलात तर पायात रक्त साकळेल. पण चालायचं म्हणजे उठायचं, उठायचं म्हणजे शाल बाजूला करायची आणि पिशवी हातात घ्यायची. सकाळपासून माणसांची रीघ तुटली नव्हती. एक जीप जायची तोवर दुसरी वळायची.

ती आबांच्या कानाशी वाकली. "आबा, उठा. आतल्या खोलीत चार फेऱ्या मारू."

"ह्ये गेलं की."

"सकाळपासून तेच म्हणताय."

"पिशवी घिऊन कसा हिंडू? लोढणं बांधलेल्या म्हशीगत?"

"मी धरते ना."

"लेक बापाची मुतायची पिशवी धरती, म्हणून गावभर हुईल." ते हळूच हसले. "त्यापरीस दुसऱ्या पॅनेलला मत दे."

"आबा, मी गंमत करत नाहीये."

"मला म्हाईत हाय. तू कधीच करत न्हाईस." त्यांनी तिच्या मनगटावर दोन बोटं ठेवली, आणि समोर नवीन पाहुणे दिसताच काढून घेतली. "या, या. बसा. काय न्हाय, खडा हुता."

तेवढ्यात काका उठून शेडमागे गेले. मघाशीही गेले होते. योगिनीच्या लक्षात आलं, की ते जातात लगबगीने, आणि तिकडे उभे राहतात फार वेळ, भिंतीला हात टेकून, काहीतरी आठवत असल्यासारखे. परत येताना मिशीवरून हात फिरवतात.

"काका, पुन्हा?"

"च्या लई झाला, पोरी."

संध्याकाळी पोटरी ओढते म्हणून आबांनी पाय पुढे केला. पिंपळीहून आलेल्या ताईबाई आत्याने कोमट तेल घेऊन भावाची पोटरी मायेने रगडून दिली. योगिनी तेव्हा शहाळी आत ठेवत होती. ती ओसरीवर आली तोवर तेलाची वाटी रिकामी झाली होती, आणि आबा म्हणत होते, "ताईबाई, तुझ्या हाताला आईचा गुण हाय."

दुसऱ्या दिवशी सकाळी पलंगावरून उठून ते दारापर्यंत गेले, चौकट धरली, "दम लागला गं," म्हणाले आणि खाली बसले. गाडी इंदापूरला पोचेपर्यंत संपलं होतं. पायातली रक्ताची गाठ सुटून छातीत गेली, असं तिथल्या डॉक्टरने सांगितलं. आत्याने विचारलं, "म्हंजी कसं?" योगिनी म्हणाली, "म्हणजे आपल्या हातात काही नव्हतं, आत्या." एवढं एक खोटं ती आपल्या हिशेबाने बोलली, आणि रक्त साकळलेली पोटरी रगडायची नसते, हे आत्याला कधीच कळू द्यायचं नाही असं तिने ठरवलं.

*

फलक दुपारच्या आत लागले. आबांचा फोटो, खाली पॅनेलच्या सगळ्यांचे फोटो, आबांपेक्षा थोडेसेच लहान. 'अल्पशा आजाराने दुःखद निधन.' योगिनीने हे शब्द शेकडो फलकांवर वाचले होते. कोणत्या अल्पशा आजाराने इतकी माणसं जातात, हे तिला आता कळलं.

सुतकातच पुण्याहून निरोप आला. काढलेल्या गाठीची तपासणी झाली होती. कडा स्वच्छ, कॅन्सर कुठेही पसरलेला नाही, पुढे काही उपचार लागणार नाही. आबा पूर्ण बरे होऊन वारले होते.

राजवर्धनने निरोप दोनदा वाचला. "म्हणजे ताई, ऑपरेशन सक्सेस झालं."

"झालं."

"मग कॅन्सरने गेले असं म्हणताच येत नाही. आपण खोटं बोललोच नाही."

असा मुलगा असावा. तिला त्याला एक थोबाडीत द्यावीशी वाटली, आणि मग दिसलं की तो निरोप तिसऱ्यांदा वाचतोय. काही न बोलणं हे या घरातलं तिचं काम होतं. बाकीची कामं बाकीच्यांनी वाटून घेतली होती.

दहाव्याच्या आदल्या दिवशी पॅनेलची माणसं येऊन गेली, आणि त्यांच्यामागे स्वयंपाकघरात घरची बैठक बसली. आबांच्या जागी उमेदवार कोण, एवढाच विषय. राजवर्धनचं म्हणणं, सहानुभूती मुलाला मिळते. काकांचं म्हणणं, मुलाला मिळते पण मतं भावाला पडतात. सुतकात दोघांचे चेहरे एकमेकांसारखे दाढी वाढलेले, त्यामुळे कोण कुणाला दुखावतंय ते कळत नव्हतं. शेवटी राजवर्धनने माघार घेतली. या वेळी काका, पुढच्या वेळी तो. सख्ख्या माणसांत असंच चालतं.

"मग काका," योगिनी म्हणाली, "अर्ज भरायच्या आधी रक्त तपासून घ्या. बारामतीतही होतं. नुसती सुई."

"कशाला? मला काय धाड भरलीया?"

"तेच बघायचं. तुम्ही किती वेळा उठता, मी मोजत नाही, पण दिसतं."

भाकरी थापणाऱ्या आईचे हात क्षणभर थांबले आणि पुन्हा सुरू झाले.

"ताई, निवडणूक होऊ दे," राजवर्धन म्हणाला. अर्ध्या तासापूर्वी काकांशी तावातावाने भांडणारा तो आता त्यांच्या बाजूला सरकून बसला होता. "त्यानंतर काय ते बघू."

"आबांच्या वेळीही निवडणूकच होऊ द्यायची होती."

"आता तू आबांचं खापर..."

"कुणावर काही फोडत नाहीये. काका, हा आजार घराण्यात चालत येतो. सख्ख्या भावाला झाला की दुसऱ्याने तपासायचंच असतं. डॉक्टरांनी तुमच्यासमोर सांगितलं. तुम्ही छत बघत होता."

"आमच्या घराण्यात असलं काय न्हाय," काका म्हणाले. "आप्पा पिकल्या पानागत गेलं."

आप्पा म्हणजे आजोबा. आत्या इतका वेळ भिंतीला टेकून लसूण सोलत होती. तिने मान वर केली.

"पिकल्या पानागत? कंबर धरून वरडायचं आप्पा. हाडं ठणकत्यात म्हणायचं. लघवी तटली, मग मिरजला न्यायचं का न्हाय ह्यातच तुमी दोघं बसला."

"उष्णता हुती ती."

"उष्णता! सहा म्हयने? धोतरं कुणी धुतली त्यांची? तू?"

"ताईबाई, गप. पोरीबाळींम्होरं काय ह्ये बोलणं."

पोरीबाळी म्हणजे पंचेचाळिशीची योगिनी आणि दोन मुलांची आई असलेली राजवर्धनची बायको अंजली. या घरातल्या पुरुषांची धोतरं, पायजमे, चादरी तीन पिढ्या बायकांनी धुतल्या. काय झालंय ते आधी त्यांनाच कळायचं. फक्त त्याला नाव घेऊन बोलायचं नव्हतं.

"आप्पा गेले, आबा गेले," योगिनी म्हणाली. "आता तुम्ही आहात."

काकांचा आवाज एकदम उतरला. "पोरी, गावात कळलं तर म्हणत्याल, थोरला तसला, धाकटाबी तसलाच. हसत्याल. मी कारखान्याच्या गेटावर कसा हुबा ऱ्हाऊ?"

ते रागाने बोलले असते तर तिला उत्तर देता आलं असतं. ते घाबरून बोलले. तिच्या लहानपणी ऊस तोडताना कोयता लागला तर हाच माणूस जखमेवर माती दाबून हसायचा. त्याने तिला सायकल शिकवली, कॉलेजला पाठवायला आबांशी भांडला, तिच्या लग्नात मांडवामागे जाऊन रडला आणि डोळ्यांत धूर गेला म्हणाला. आता तो भाकरीच्या तव्याकडे बघत होता.

"आई, तू तरी सांग," ती म्हणाली.

कुशाबाईंनी भाकरी उलटली. "जेवून घ्या समदी," त्या म्हणाल्या. "उद्या लवकर उठायचंय."

*

दहावा नीरेच्या घाटावर. मांडव, खुर्च्या, ध्वनिक्षेपक, पाण्याच्या बाटल्या. पिंड ठेवला आणि कावळा आलाच. इतक्या तातडीने, की 'आबा, कारखान्याची काळजी करू नका' असं आश्वासन द्यायला घसा खाकरून पुढे सरकलेले दोघेतिघे तिथेच अडकले. आश्वासनांचं मोल आबांना ठाऊक असावं. आयुष्यभर तीच वाटत आले होते.

मग श्रद्धांजलीची भाषणं. अजातशत्रू, असं तिघांनी म्हटलं. तिघांपैकी दोघांवर आबांनी दिवाणी दावे लावले होते. पॅनेलप्रमुखांनी आबांचं अपुरं स्वप्न सांगितलं आणि ते पूर्ण करायला महिपतीरावांशिवाय माणूस नाही, हे त्याच वाक्यात उरकलं. भिगवणचे नाना मात्र खरोखर हुंदके देत उभे राहिले.

"मंडळी, म्या डोळ्यांनी बघितला खडा. एवढा! चौदा एमएम. माझा दोस्त त्या कळा सोसत हसत हुता. हात जोडून सांगतो, पाणी प्या. मुतखड्याला हलक्यात घिऊ नका."

मांडवातल्या शेदोनशे पुरुषांनी गंभीरपणे माना डोलावल्या. काही जण तिथल्या तिथे बाटलीतलं पाणी प्यायले.

योगिनी बायकांच्या बाजूला पहिल्या रांगेत बसली होती. तिला काका दिसत नव्हते. मग दिसले. देवळाच्या भिंतीआड, भिंतीला तळहात टेकून, मान खाली. नानांचं भाषण संपलं तरी ते तिथेच होते. सूत्रसंचालकाने त्यांचं नाव दोनदा पुकारलं. ते आले, तेव्हा कपाळावर घाम होता आणि ओठ घट्ट मिटलेले. खुर्चीवर बसताना त्यांनी कंबर धरली. शेजारच्या माणसाने काही विचारलं असावं, कारण त्यांनी हात हलवला: काही नाही.

"शेवटी कुटुंबाच्या वतीने चिरंजीव राजवर्धन दोन शब्द..."

योगिनी उठली. तिने ठरवलं नव्हतं. ठरवलं असतं तर तिने आधी वाक्यं मनात लावली असती, निम्मी खोडली असती आणि बसून राहिली असती. माइकपाशी राजवर्धन आणि ती एकदमच पोचले.

"ताई, आत्ता नको," तो ओठ न हलवता म्हणाला. "पाया पडतो."

सूत्रसंचालक घाईने म्हणाला, "भगिनींच्या भावना आम्ही समजू शकतो, पण वेळेअभावी..."

"बोलू द्या तिला," मागून आवाज आला. कुशाबाई उभ्या होत्या. नवऱ्यामागे इतक्या दिवसांत त्या घराबाहेर पहिल्यांदाच मोठ्याने बोलल्या होत्या, कदाचित आयुष्यातही. "राजा, हो बाजूला."

राजवर्धन बाजूला झाला.

माइक उंच होता. तो खाली करताना करकरला. समोर टोप्या, फेटे, काळे चष्मे. तिला वर्गात बोलायची सवय होती. तिथे समोर वडलांचा हार घातलेला फोटो नसायचा, एवढाच फरक.

"माझ्या वडलांना मुतखडा नव्हता," ती म्हणाली. "प्रोस्टेटचा कॅन्सर होता."

मांडवात कुणीतरी खोकलं. नानांनी मान वर केली.

"प्रोस्टेट ही ग्रंथी पुरुषांना असते, प्रत्येकाला. मूत्राशयाच्या खाली. तिच्यात कॅन्सर झाला आणि वेळेत कळला, तर माणूस बरा होतो. आबा बरे झाले होते. ते कॅन्सरने गेले नाहीत. लघवीची पिशवी लावलेली तुम्हाला दिसू नये म्हणून ते दिवसभर जागचे हलले नाहीत, पायात रक्त साकळलं, त्याने गेले. तुम्ही हसाल, असं आम्हाला वाटलं. तुम्ही हसला असता की नाही, मला माहीत नाही. आम्ही तुम्हाला विचारलंच नाही."

मागच्या रांगेत एक जण हसला खरा. त्याच्या शेजारी बसलेल्या म्हाताऱ्याने त्याच्याकडे पाहिलं आणि तो थांबला. पॅनेलप्रमुख फोन आल्यासारखं करून मांडवाबाहेर निघाले. बायकांच्या बाजूने आत्याचा आवाज आला, "खरं हाय त्ये," आणि मग आणखी कुणाचातरी, अनोळखी, "आमच्यातबी तसंच झालं."

"पन्नाशीपुढच्यांनी डॉक्टरला विचारा. रात्री उठावं लागतंय, धार अडकतेय, तर लाजू नका. ज्यांच्या घरात कुणाला झालंय, त्यांनी आधीच विचारा." इथपर्यंत तिचा आवाज नीट होता. "आमच्या घरात झालंय. आजोबांनाही बहुतेक तेच होतं. आता..."

काका खुर्चीतून अर्धे उठले होते. दाढी वाढलेला चेहरा लाल झाला होता, की पांढरा पडला होता, तिला दिसेना. डोळ्यांत पाणी भरलं होतं. शेदोनशे माना त्यांच्याकडे वळल्या. उमेदवारी तिथेच, नीरेच्या पाण्यासमोर, संपली असावी. ते बाहेरच्या वाटेकडे बघत होते. आता निघाले तर ते पुन्हा कधी तिच्याशी बोलणार नाहीत, हे तिला दिसत होतं.

"काका, जाऊ नका," ती म्हणाली. माइक तिने सोडला होता, पण मांडव इतका गप्प होता, की शेवटच्या रांगेपर्यंत ऐकू गेलं. "आपल्या घरात कुणी कुणाला असं म्हणत नाही. मी आबांना म्हटलं नाही. तुम्हाला म्हणते. कारखान्याला तुम्ही लागत असाल-नसाल, मला लागता. मला तुम्ही हवे आहात."